लेकराच्या पोटाला हात लावून बघा

मी तुमच्या बचत गटांची सहयोगिनी बोलतेय. मागच्या वेळी आपण कर्जाच्या हप्त्यांवर बोललो होतो. आज वही आणि पासबुक बाजूला ठेवू. आज बोलायचंय ते झोपलेल्या तान्ह्या लेकराबद्दल. त्याला किती पांघरायचं, काय घालायचं, शेगडी ठेवायची की नाही, आणि त्याला थंडी वाजतेय का उकडतंय हे ओळखायचं कसं. भाकरी थापत असाल तर थापत राहा, फक्त कान इकडे द्या. घरात सासूबाई, आजी असतील तर त्यांनाही हाक मारा. तान्ह्या लेकराचं बरंचसं त्यांच्याच सांगण्यावर चालतं.

विषय आत्ताच का काढला, तर दसरा होऊन गेलाय. आपल्या भागातल्या ऊसतोडीच्या टोळ्यांची उचल घेऊन झालीय. दिवाळी झाली की कोयते निघतील, कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी साताऱ्याकडे, कुणी नगर जिल्ह्यात. मार्चपर्यंत मुक्काम कोपीत. आपल्या गटांतल्या कितीतरी जणींच्या पदरात वर्षाच्या आतलं लेकरू आहे. थंडीच्या चार महिन्यांत ते कोपीत झोपणार, आणि उन्हाळ्यात परत आलं की पत्र्याच्या घरात झोपणार. म्हणजे एकाच लेकराला एकाच वर्षात दोन्ही टोकं सोसायची आहेत.

आपल्याकडे होतं काय, की बाळंतिणीच्या खोलीला ऋतूच नसतो. डिसेंबर असो नाहीतर मे, रीत तीच. खिडकीला पोतं, दाराला पडदा, बाजेखाली शेगडी, लेकराच्या अंगात झबलं, डोक्याला टोपडं, वर कुंची, त्यावर दुपटं, त्यावर गोधडी. माहेरहून आलेला बाळंतविडा सगळाच्या सगळा अंगावर चढवायचा. यामागे माया आहे, त्यात शंका नाही. पूर्वी घरं वाऱ्याची होती, दवाखाने लांब होते, लेकरू गारठून जायची भीती खरीच होती. पण डिसेंबरात जी ऊब जीव वाचवते, तीच मे महिन्यात जीव घाबरा करते. म्हणून आज एकच गोष्ट पक्की करायची. किती पांघरायचं हे रीतीला विचारायचं नाही, लेकराच्या अंगाला विचारायचं.

आधी हे समजून घेऊ की तान्ह्या लेकराला थंडी-उष्मा आपल्यापेक्षा इतक्या लवकर का बाधतो. आपल्याला थंडी वाजली की आपण कुडकुडतो, कुडकुडून अंग गरम होतं. नवजात लेकराला तसं कुडकुडता येत नाही. त्याच्या कातडीखाली चरबी कमी, अंगाच्या मानानं डोकं मोठं, त्यामुळे अंगातली ऊब भराभर निघून जाते. अंग ओलं असेल तर ती आणखी लवकर जाते. गार जमिनीला टेकलं तर जमीन ओढून घेते, वाऱ्याच्या झोतात ठेवलं तर वारा घेऊन जातो, आणि गार भिंतीच्या कडेला निजवलं तर भिंतीला हात न लागताही अंग गार होतं. जे लेकरू दिवस भरायच्या आधी जन्मलं किंवा ज्याचं जन्माचं वजन अडीच किलोच्या आत आहे, त्याचं तर हे सगळं दुपटीनं लवकर होतं.

उष्म्याचंही तसंच. आपल्याला उकडलं की घाम येतो, आपण पदरानं वारा घेतो, पांघरूण लाथाडतो, पाणी पितो. लेकराला पुरेसा घाम येत नाही, पांघरूण काढता येत नाही, पाणी मागता येत नाही. ते रडतं. आणि ते रडलं की आपण म्हणतो, थंडी वाजत असेल, आणखी एक दुपटं टाका.

मग ओळखायचं कसं? यासाठी कुठलं यंत्र लागत नाही. आपला हात पुरतो. आशाताईंना हे प्रशिक्षणात शिकवतात, आपण सगळ्यांनी शिकून घ्यायला हवं. आधी आपले तळहात एकमेकांवर घासून कोमट करा, कारण भांडी घासून आलेला गार हात खोटं सांगतो. मग हाताची पाठ लेकराच्या पोटाला लावा, नंतर तळपायाला लावा.

पोट ऊबदार आणि पायही ऊबदार, गुलाबी. म्हणजे लेकरू बरं आहे, काही करू नका.

पोट ऊबदार पण पाय गार. म्हणजे लेकराला थंडी वाजायला लागलीय. एक थर वाढवा, लंगोट ओला असेल तर बदला, छातीशी घ्या, पाजा.

पोटही गार आणि पायही गार. म्हणजे लेकरू गारठलंय. हा धोका आहे. असं लेकरू जोरात रडत नाही, मलूल पडतं, नीट ओढून दूध पीत नाही. घरच्यांना वाटतं, किती शांत निजलंय. अशा लेकराला उघड्या छातीशी घ्या, वर पांघरूण घ्या आणि तसंच दवाखान्यात न्या.

आणि पोट तापलेलं, मान घामेजलेली, तोंड लाल, श्वास भरभर. म्हणजे लेकराला उकडतंय किंवा ताप आहे. या दोन्हीतला फरक पुढे सांगते.

आशाताईंकडे थर्मामीटर असतो. तो काखेत लावतात. काखेतलं तापमान 97.7 ते 99.5 फॅरनहाइट असलं, म्हणजे साडेछत्तीस ते साडेसदतीस सेल्सिअस, की ते ठीक. त्याच्या खाली गेलं तर ऊब द्यायची, वर गेलं तर लक्ष द्यायचं. दवाखान्यात बाळंतपण झालेलं असेल तर आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात. त्या आल्या की चहाचं नंतर बघा, आधी थर्मामीटर कसा लावायचा आणि कसा वाचायचा ते त्यांच्याकडून शिकून घ्या.

आता थंडीचं बोलू. घरात असाल तर सोपं गणित लक्षात ठेवा. आपल्याला ज्या कपड्यात बरं वाटतं, त्याहून लेकराला एक थर जास्त. फारच छोटं, कमी वजनाचं लेकरू असेल तर थंडीत दोन. एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर चांगले, कारण मधे हवा राहते आणि तीच ऊब धरते. अंगालगत सुती, वर लोकर. लोकर थेट कातडीला नको. टोपडं आणि पायमोजे पहिल्या दिवसांत आणि थंडीत घाला, पण टोपड्याच्या नाड्या लांब ठेवू नका, गळ्याभोवती फिरतात. दुपट्यात गुंडाळताना पाय सरळ ताणून आवळू नका. पाय बेडकासारखे वाकलेले, मोकळे राहू द्या. ताणून बांधलं की खुब्याचं हाड जागचं हलू शकतं.

निजवायचं ते पाठीवर, उताणं. पालथं नाही, कुशीवरही नाही. उशी नको. पांघरूण छातीपर्यंतच आणि हात बाहेर. तोंडावर दुपटं, साडी, गोधडी काहीच नको. थंडी लागेल म्हणून तोंड झाकतात, पण झाकलेल्या तोंडाशी तीच वापरलेली हवा फिरत राहते आणि लेकराचा श्वास कोंडतो. आपल्याच घोंगडीत त्याला डोक्यावरून घेऊन निजायचं नाही. त्याला त्याचं वेगळं पांघरूण. आणि घरात कुणी पिऊन आलेलं असेल तर लेकरू त्या माणसाच्या शेजारी नको, ही गोष्ट कडक पाळा. अशा झोपेत अंगाखाली लेकरू आलं तरी माणसाला कळत नाही.

शेगडीचं स्पष्ट बोलते. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपणं म्हणजे जिवाशी खेळ. कोळसा धुमसताना एक वायू सुटतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांत पाणी येत नाही. झोपलेल्या माणसाला कळतही नाही आणि तो झोपेतच जातो. मोठं माणूस जातं, तिथं तान्ह्याचं काय. शिवाय ओवा-वावडिंगाची धुरी देतात, त्या धुरानं लेकराची छाती भरते. खोली उबदार करायचीच असेल तर दार-खिडकी थोडी उघडी ठेवून आधी शेगडी ठेवा, खोली उबली की शेगडी बाहेर काढा, मग लेकरू आत न्या. गरम विटा, गरम पाण्याच्या बाटल्या अंगालगत ठेवू नका. लेकराची कातडी फार नाजूक असते, मोठ्या माणसाला नुसतं गरम वाटेल त्यानंही ती भाजते.

आंघोळीचंही थोडं. जन्मल्यावर पहिले 24 तास तरी आंघोळ नको. कमी वजनाच्या लेकराला तर वजन चांगलं भरेपर्यंत नुसतं कोमट कपड्यानं पुसायचं. थंडीत आंघोळ दुपारी, ऊन वर आल्यावर, वारा नसेल तिथं. मालिश उघड्यावर तासभर चालायला नको. पाणी घातलं की आधी डोकं पुसा, मग अंग, आणि लगेच कोरड्या कपड्यात घ्या.

आता कोपीत काय करायचं? तिथं ना बाज, ना भिंत. थंडी तीन वाटांनी येते. जमिनीतून, खालच्या फटीतून आणि दारातून. लेकराच्या जागी खाली आधी ताडपत्री किंवा खताची धुतलेली पोती, त्यावर कोरडं पाचट नीट बसवून, त्यावर घट्ट घडीची गोधडी. वरचा थर मऊ-खोल नको, सपाट हवा, नाहीतर लेकराचं तोंड त्यात रुतेल. कोपीच्या बुडाशी बाहेरून मातीची वरंबी घाला, म्हणजे खालचा वारा थांबेल. लेकराची जागा दारापासून लांब. आणि कोपीत आग करून झोपू नका, कारण आजूबाजूला सगळं पाचट आणि प्लास्टिक. चूल बाहेरच.

पहाटे तीन-चारला टोळी फडात निघते. गाडीवर किंवा ट्रॉलीत लेकराला झोळीत किंवा उसाच्या वाढ्यावर ठेवू नका. आपल्या छातीशी, आपल्या शालीच्या आत घ्या, तोंड मोकळं ठेवून. पोचल्यावर झोळी बांधाल ती वारा अडेल अशा जागी. झोळी इतकी खोल नको की लेकराची हनुवटी छातीला चिकटेल, त्यानं श्वास अडतो. दिवस वर आला की ऊन फिरतं, सावली सरकते. सकाळी सातची सावली अकराला नसते. झोळीवर जाड साडी टाकून ऊन अडवलं, तर आत भट्टी होते. त्यापेक्षा झोळीच हलवा. आणि दर पाजण्याच्या वेळी पोटाला हात, पायाला हात.

मागच्या हंगामातली एक गोष्ट सांगते. त्या ताईंनी सांगायला हरकत नाही म्हटलंय, नाव मात्र घेत नाही. लेकरू सव्वा महिन्याचं, वजनानं कमी. जानेवारीतली पहाट, आई फडात गेली. लेकरू कोपीत आठ वर्षांच्या बहिणीजवळ. आई परत आली तेव्हा बहीण म्हणाली, शांत निजलंय, रडलंच नाही. आईनं पाजायला घेतलं तर ओढेना. लंगोट ओला, पाठीखालची गोधडी ओली, अंग गार. टोळीतल्या एका मावशीनं जिल्ह्याच्या दवाखान्यात असं लेकरू पाहिलं होतं. तिनं ओले कपडे काढले, आईची चोळी सोडायला लावली, लेकराला उघडंच छातीशी धरलं, डोक्याला टोपडं आणि वरून दोघांना घोंगडी. तसंच गाडीत बसवून दवाखान्यात नेलं. आठ दिवस तिथं राहावं लागलं. आज ते लेकरू रांगतंय.

त्याच तळावर त्याच महिन्यात दुसरं एक लेकरू सकाळी उठलंच नाही. नेमकं कशानं गेलं ते कुणाला सांगता आलं नाही. पण रात्री त्याच्या पोटाला कुणी हात लावून पाहिला होता का, हे विचारायलाही तिथं कुणी नव्हतं. म्हणून मी आज हे बोलतेय.

त्या मावशीनं जे केलं त्याला दवाखान्यात कांगारू पद्धत म्हणतात. कांगारू हा प्राणी पिल्लाला पोटाच्या पिशवीत ठेवतो, त्यावरून नाव. 1978-79 च्या सुमारास कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात एका दवाखान्यात लवकर जन्मलेली लेकरं फार आणि ऊब देणाऱ्या पेट्या थोड्या, अशी अडचण होती. तिथले डॉक्टर एडगर रे यांनी आयांनाच लेकरं छातीशी बांधून ठेवायला सांगितलं, आणि त्याचा गुण आला. पुढे जगभर त्याचा अभ्यास झाला. 2021 मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात आपल्या देशातलंही एक रुग्णालय होतं. 1 किलो ते 1800 ग्रॅम वजनाच्या लेकरांना जन्मल्यावर लगेच असं छातीशी ठेवलं, तर मृत्यू 25 टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे महागड्या पेटीच्या तोडीची ऊब आपल्या छातीत आहे.

करायचं कसं? लेकराला लंगोट, टोपडं, पायमोजे एवढंच. छातीवर उभं धरायचं, तोंड एका बाजूला वळवलेलं, नाक मोकळं, मान थोडी वर, पाय बेडकासारखे. वरून ओढणी किंवा सुती साडीनं बांधायचं, त्यावर शाल. आईनं पाठीला टेकण देऊन अर्धवट बसतं राहायचं. आई दमली तर बापानं घ्यावं, आजीनं घ्यावं. बापाच्या छातीतही तेवढीच ऊब असते. एका तासानं पोट-पाय बघायचे. ऊब आली नाही, लेकरू ओढत नाही, तर थांबायचं नाही. 108 ला फोन करा, 102 ची गाडीही तान्ह्यांसाठी असते. वाटेत लेकरू छातीशीच राहू द्या, मांडीवर गुंडाळून नको.

आता उन्हाळा. आपल्या मराठवाड्यात मे महिन्यात पारा 42-43 वर जातो. पत्र्याच्या घरात दुपारी त्याहून जास्त असतं, कारण पत्रा वरून तापतो आणि सगळी धग खाली फेकतो. गरम हवा वर जाऊन पत्र्याखाली साठते. म्हणून आढ्याला उंच बांधलेल्या झोळीतलं लेकरू खाली निजलेल्या आईपेक्षा जास्त तापतं. उन्हाळ्यात झोळी खाली घ्या किंवा लेकराला खालीच निजवा.

अहमदाबादची गोष्ट सांगण्यासारखी आहे. 2010 च्या मे महिन्यात तिथं भयंकर उष्णतेची लाट आली. एका मोठ्या रुग्णालयात नवजात लेकरं उष्म्यानं आजारी पडायला लागली. तिथला बाळंतिणींचा वॉर्ड सगळ्यात वरच्या मजल्यावर, तापणाऱ्या गच्चीखाली होता. वॉर्ड खालच्या मजल्यावर हलवला, तेव्हा उष्म्यानं आजारी पडणारी लेकरं पुष्कळ कमी झाली. कुठलं औषध बदललं नाही, जागा बदलली. आपल्यालाही तेच करता येतं. घरातली सगळ्यात गार जागा कुठली? बहुतेक घरांत मातीच्या भिंतीची जुनी खोली किंवा पडवी. दुपारी बाळंतीण तिथं. पत्र्यावर तुराट्या, पऱ्हाट्या किंवा पाचट पसरा, नाहीतर चुना मारा. दाराला ओलं गोणपाट लावा. खिडकी उघडी ठेवा. पंखा, कूलर असेल तर लावा, फक्त झोत थेट लेकरावर नको.

उन्हाळ्यात अंगात एक पातळ सुती झबलं आणि लंगोट पुरे. कुंची नको, टोपडं नको, मोजे नकोत. दूध पुन्हापुन्हा पाजा. 6 महिन्यांच्या आतल्या लेकराला वरचं पाणी नको, साखरपाणी नको, घुटी नको. आईच्या दुधातच त्याचं पाणी आहे. पाणी प्यायचंय ते आईनं. बाळंतिणीला पाणी तोडायची रीत उन्हाळ्यात तर अजिबात पाळू नका. लेकरू दिवसात लघवी किती वेळा करतं ते बघा. लघवी कमी झाली, पिवळी गडद झाली, तर दूध कमी पडतंय.

आता मघाशी राहिलेला फरक. लेकराचं अंग गरम लागलं तर आधी बघा, अंगावर थर किती आहेत. जास्तीचे काढा, सावलीत घ्या, पाजा. अर्ध्या तासानं पुन्हा बघा. नुसतं उकडत असेल तर तेवढ्यात अंग निवतं. तरीही काखेत 99.5 च्या वर असेल तर तो ताप समजायचा. महिन्याच्या आतल्या लेकराचा ताप घरी काढायचा नसतो. मागच्या मे महिन्यात आमच्या एका गटातल्या सुनेचं 12 दिवसांचं लेकरू असंच तापलं होतं. दृष्ट काढली, अंगावर आणखी गोधडी टाकली. आशाताई आल्या, त्यांनी गोधडी काढली, थर्मामीटर लावला, पाजायला लावलं, अर्धा तास थांबल्या. ताप हटेना म्हणताच त्यांनी दवाखाना गाठायला लावला. अंगातलं पाणी कमी झालं होतं. दोन दिवसांत लेकरू घरी आलं.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. सुनांनो, तुम्ही म्हणाल, ताई, तुमचं पटतं, पण आत्याबाई ऐकत नाहीत. त्या म्हणतात, आम्ही सहा लेकरं याच शेगडीवर वाढवली. खरं आहे, वाढवली. त्यांच्याशी वाद घालू नका. रेडिओवर ताई असं म्हणाली, असंही सांगू नका. एवढंच म्हणा, “आत्याबाई, मला काही समजेना. तुमचा हात जरा लेकराच्या पोटाला आणि पायाला लावून सांगा ना, गार आहे का गरम?” त्यांच्या हाताला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. त्यांनी शंभर लेकरं हाताळली आहेत. पोट तापलंय असं त्यांच्याच तोंडून आलं की गोधडी त्याच काढतील. आणि आयांनो, सासवांनो, तुम्हालाही विनंती. सुनेनं दुपटं काढलं म्हणजे तिला माया नाही असं समजू नका. आधी हात लावा, मग बोला.

आपण खेड्यातल्या बायका, आपल्याला हे जमेल का, असं कुणाला वाटत असेल तर गडचिरोलीकडे बघा. तिथं डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं 1995 पासून 39 गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं. वजन कसं करायचं, तापमान कसं घ्यायचं, लेकराला ऊब कशी द्यायची, आजार कसा ओळखायचा. तीन वर्षांत त्या गावांतले नवजात लेकरांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले. त्या कामावरूनच पुढे देशभर आशाताईंनी घरी येऊन तान्ह्याची तपासणी करायची पद्धत आली. 2011 पासून ती सरकारी योजना आहे. करणाऱ्या बायका आपल्यासारख्याच होत्या.

मग आपल्या गटानं काय करायचं? येत्या बैठकीत तीन ठराव घ्या. पहिला, गटाच्या खर्चातून एक डिजिटल थर्मामीटर घ्या. औषधाच्या दुकानात मिळतो, आणि तो टोळीबरोबर जाणाऱ्या एका बाईच्या ताब्यात द्या. दुसरा, गटात ज्यांच्याकडे शिलाई मशीन आहे त्यांनी जाणाऱ्या प्रत्येक तान्ह्यासाठी दोन सुती झबली, दोन टोपडी, पायमोजे आणि भरपूर लंगोट शिवून द्यावेत. जुन्या मऊ साड्या, धोतरं सगळ्यांच्या घरी आहेत. कोपीत ओल्या लंगोटानं लेकरं गारठतात, कारण बदलायला दुसरा कोरडा नसतो. तिसरा, जाणाऱ्या आईच्या सामानात माता-बाल संरक्षण कार्ड आहे का ते बघा. तळ पडेल तिथल्या आशाताईला आणि अंगणवाडीताईला पहिल्याच आठवड्यात गाठा, लेकराचं नाव सांगा, वजन करून घ्या. टोळीत एकीनं रोज रात्री निजायच्या वेळी कोपी-कोपीतून विचारायचं, आज पोट-पाय बघितले का?

जाणाऱ्या सगळ्या बायांना सांभाळून जा म्हणते. इथं राहणाऱ्यांनी फोनवर घरची खबरबात घेताना एक प्रश्न वाढवा, लेकरू रात्री कसं झोपलं, ओढून पितंय का. तुमच्या बैठकीत काय ठरलं ते मला कळवा, पुढच्या भागात त्याबद्दल बोलू. आता ज्यांच्या घरी तान्हं आहे त्यांनी हात पुसा, तळहात घासा आणि लेकराच्या पोटाला हात लावून या. नमस्कार.